वायुदूत आठवतंय का कुणाला?

परवा पोरगा मोबाईलवर कोल्हापूर-मुंबई विमानाचं तिकीट काढत होता, म्हणाला बाबा आपल्याकडं विमान आत्ताच आलं ना? म्हटलं आत्ता कुठलं लेका, मी हाफ चड्डीत होतो तेव्हा उजळाईवाडीला, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावर, वायुदूतचं विमान उतरायचं आणि आम्ही डबलसीट सायकल हाणत ते बघायला जायचो. त्याला वायुदूत हे नावच माहीत नाही. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

वायुदूत ही विमान कंपनी 1981 साली सुरू झाली, इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडियाची भागीदारी, म्हणजे सरकारीच. मूळ काम ईशान्य भारतातलं, जिथं डोंगर-नद्यांमुळं शंभर-दोनशे किलोमीटरला पण दिवस मोडायचा, तिथं छोटी विमानं सोडायची. कल्पना एकदम रास्त. मग ती देशभर पसरली. फोकर होती, अ‍ॅव्हरो होती, पण आमच्यासाठी वायुदूत म्हणजे डॉर्नियर, जर्मन डिझाइनचं, एचएएल, म्हणजे सरकारी विमान कारखाना, कानपूरला बनवायची. 19 सीट, पंख डोक्यावर, दोन पंखे. आमच्या शेजारचे एक काका त्यातनं मुंबईला गेले होते. बॅगेबरोबर त्यांना पण काट्यावर उभं केलं म्हणे, छोट्या विमानात वजनाचा हिशोब लागतोच, पण काकांचं वजन सगळ्या लायनीनं ऐकलं आणि पुढं वर्षभर गल्लीत त्यांना कुणी सोडलं नाही 😄

आता माझं मत. लोक म्हणतात सरकारी कंपनी, डुबणारच होती. मला हे अर्धंच पटतं. 19 सीटच्या विमानाला पण पायलट दोन लागतातच, उतरायला धावपट्टी लागते, मेंटेनन्स लागतो, आणि हा सगळा खर्च वाटायला माणसं फक्त 19, त्यातल्या पण निम्म्या सीट रिकाम्या गेल्या की संपलं. हे पहिल्या दिवसापासून कळण्यासारखं होतं. म्हणजे तोटा कोण भरणार ते आधी ठरवायचं आणि मग गावं वाढवायची. झालं उलटं, गावं वाढत गेली आणि तोटा साठत गेला.

अपघात पण झाले. 19 ऑक्टोबर 1988 ला गुवाहाटीजवळ फोकर कोसळलं, 34 जण गेले, आणि त्याच दिवशी अहमदाबादला इंडियन एअरलाइन्सचं विमान पडलं त्यामुळं ही बातमी झाकोळली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात पुण्याहून हैदराबादला निघालेलं डॉर्नियर इंदापूरजवळ उजनीच्या पाण्यात पडलं, अकराच्या अकरा जण गेले. अजून सोलापूर रोडनं जाताना भिगवणच्या पुढं ते पाणी दिसलं की मला तेच आठवतं.

1993 मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायचं ठरलं आणि मग हळूहळू नावच गेलं. बंद झाली असं कुणी ठणकावून सांगितलंय असं मला तरी आठवत नाही. उजळाईवाडीच्या कुंपणापलीकडं नुसतं गवत, आणि आम्ही परत महालक्ष्मी एक्स्प्रेसला.

मग 2017 ला उडान आली, छोट्या शहरांना विमानानं जोडायची सरकारी योजना. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजाराची सीट आणि तोटा भरून द्यायला सरकारी पैसा, तो पण तीन वर्षं. हे मला आवडलं, निदान तोटा कागदावर तरी मान्य केला. पण तीन वर्षांनी काय? जळगाव, नाशिकला एअर डेक्कननं बीचक्राफ्ट आणलं, ते पण 19 सीटचंच बघा, आणि एप्रिल 2020 मध्ये लॉकडाऊनात कंपनीच बंद. कोरोना निमित्त झालं हे खरं, पण एवढ्याशा धक्क्याला कोसळावं इतका तो हिशोब नाजूक होताच की. एसटी तोट्यातल्या वाडीवर जाते तेव्हा आपण कुरकुरतो पण गाडी बंद करा म्हणत नाही, मग तिकडं अरुणाचलातल्या तेजू-पासीघाटच्या माणसाच्या विमानालाच नफ्याची अट का?

असो. उजळाईवाडीला उभ्या असलेल्या डॉर्नियरचा फोटो कुणाच्या अल्बममध्ये असेल तर कमेंटमध्ये टाका राव. काकांच्या घरी शोधला, त्यांच्याकडं फक्त तिकिटाचं पाकीट निघालं, आत रेशनची जुनी बिलं.