तीन पिढ्यांच्या सहलीबाबतच्या तक्रारीस आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय वाचून मी त्या दिवशीच्या मार्गदर्शकाकडून सगळा क्रम पुन्हा विचारून घेतला. आजी-आजोबांपासून चार वर्षांच्या नातीपर्यंत आपण आठ जण आमच्यासोबत समुद्रकाठच्या त्या जुन्या गावी आलात. ‘सर्व वयोगटांसाठी सोयीची सहल’ अशी आमची जाहिरात असूनही आजोबांची व्हीलचेअर निम्म्या वाटेत सोडावी लागली, आजी बुरुजाखालीच बसून राहिल्या आणि पाणी घोट्याएवढेही नसताना सर्वांना किल्ल्यातून घाईने बाहेर काढले, अशी आपली तक्रार आहे. पहिल्या दोन गोष्टी सर्वस्वी आमच्या चुका आहेत. तिसरीबाबत मात्र मार्गदर्शकाची बाजू मांडणे मला भाग आहे.

किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंतची वाट फक्त ओहोटीत उघडी पडते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी जेमतेम बारावा हिस्सा चढते, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून जवळजवळ निम्मी भरती येऊन जाते. आपण आलात तो पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस, म्हणजे ऐन उधाणाचा. घोट्याखालचे पाणी पाहून थांबलो असतो, तर वाळूतून सावकाश चालणाऱ्या आजोबांना परत आणताना ते गुडघ्यावर आले असते. मार्गदर्शकाने केले ते योग्यच केले. त्याचा आवाज चढला, त्याबद्दल तो स्वतः आपली क्षमा मागतो.

तरीही घाई करण्याची वेळ आली ती आमच्यामुळेच. गाडी ४० मिनिटे उशिरा निघाली, आणि समुद्र कोणासाठी थांबत नाही हे ठाऊक असूनही आम्ही कार्यक्रम पुढे ढकलला नाही. गल्लीतल्या फरसबंदीच्या फटींत व्हीलचेअरची पुढची लहान चाके अडकतात, बुरुजाच्या पायऱ्या कमीजास्त उंचीच्या आहेत आणि वास्तू संरक्षित असल्याने आम्हाला तेथे कठडा बसवता येत नाही, हे सगळे आरक्षणाच्या वेळीच सांगायला हवे होते. आजी भिंतीला हात टेकून पहिल्याच वळणावर थांबल्या, तेव्हा ते सांगून काय उपयोग?

जाहिरातीतील ते वाक्य आम्ही काढून टाकले आहे. यापुढे सहलीची वेळ त्या दिवसाच्या ओहोटीवरून ठरेल आणि ज्येष्ठांसोबत खालच्या तटापाशी थांबायला वेगळा माणूस असेल, कारण तीन पिढ्यांना एकाच चालीने हाकणे हीच मुळात आमची चूक होती. आजी-आजोबांचे संपूर्ण शुल्क आम्ही परत करीत आहोत. इतरांनी किल्ला पाहिला असल्याने त्यांचे शुल्क परत करता येणार नाही, हे स्पष्टपणे सांगतो.

नातीची एक चप्पल त्या धावपळीत गाडीतच राहिली होती. ती आम्ही जपून ठेवली आहे. कोठे पाठवायची ते कृपया आरक्षणाच्या क्रमांकावर कळवावे.