ऐकू आलंय, येत नाही

घरात कुत्रा आणायचा विषय निघाला आणि पहिलं भांडण उच्चारावरून झालं. पुण्यात त्याला इलाज नाही. मी 'डॅशहाउंड' म्हणालो. सातवीतल्या कन्येने ताबडतोब दुरुस्त केलं, "बाबा, डॅक्सहुंड. जर्मन आहे तो." बायको म्हणाली, "काही का म्हणेनात, पोळी इथलीच खाणार ना?" आईने मोबाइलमधला फोटो लांब धरून, चष्मा वर-खाली करून बघितला आणि विचारलं, "याचे पाय अजून यायचेत का?"

कन्येचं म्हणणं एवढंच, की छोटा आहे, फ्लॅटमध्ये मावेल. छोटा या शब्दाला मी आता घाबरतो. ऑफिसात 'छोटंसं काम होतं' म्हणून आलेल्या माणसांनी माझे कित्येक शनिवार खाल्लेत. त्यामुळे मी तोडगा काढला. एका मित्राला लग्नासाठी चार दिवस चिपळूणला जायचं होतं. त्याचा ब्रूनो तेवढे दिवस आमच्याकडे ठेवायचा. लग्नाआधी चार दिवस घरजावई करून बघायचा, म्हणजे पुढे बोल नको.

ब्रूनो आला तो सामानासह आणि दोन पानी सूचनांसह. कांदा नाही, द्राक्षं नाहीत, बेदाणे नाहीत, चॉकलेट नाही. वजन नऊ किलोच्या वर जाता कामा नये. "माझ्यापेक्षा याचंच पथ्य जास्त," आई म्हणाली. तिच्या शिऱ्यातले बेदाणे बाद झाल्याचा राग होता तो. पण सगळ्यात जाड अक्षरात लिहिलेली सूचना वेगळीच होती: जिना चढू-उतरू द्यायचा नाही, सोफ्यावरून उडी मारू द्यायची नाही. या जातीचे पाय आखूड होतात ते जनुकीय बदलांमुळे, आणि त्यातल्याच एका बदलामुळे मणक्यांमधल्या चकत्याही लवकर कडक होतात. एक उडी चुकली, की मागचे पाय लुळे पडू शकतात.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. चोपन्न पायऱ्या.

त्याला उचलायचीही रीत आहे. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ अगदी आडवी. तंबोरा नेतात तसा मी त्याला दिवसातून चार वेळा खाली नेत होतो आणि वर आणत होतो. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी काळजीने विचारलं, "बरं नाही का त्याला?" तिसऱ्या दिवशी त्यांनी हाच प्रश्न माझ्याबद्दल विचारला. चार फेऱ्यांच्या पायऱ्या होतात 432. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचं शुभंकर वाल्डी नावाचा डॅक्सहुंड होता, आणि तिथल्या मॅरेथॉनचा मार्गसुद्धा त्याच्याच आकाराचा आखला होता. म्हणजे जगातले उत्तम धावपटू 42 किलोमीटर एका कुत्र्याच्या कडेकडेने पळाले. आमच्या दाराशी धापा टाकताना मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटायची. फक्त त्यांच्या हातात कुत्रा नव्हता.

आता ऐकण्याविषयी. ब्रूनोला हाक मारली की तो मान वळवतो. तुमच्याकडे नीट बघतो. त्यावर विचार करतो. आणि मग ज्या कामाला निघाला होता त्या कामाला जातो. याला मठ्ठपणा म्हणता येत नाही. ऐकू आलंय, कळलंय, पटलेलं नाही, एवढंच. यात त्याचा दोषही नाही. जर्मन भाषेत डॅक्स म्हणजे बॅजर. फावड्यासारखी नखं असलेला, बिळात राहणारा, चांगला दांडगा प्राणी. त्याच्या बिळात एकट्याने घुसायला ही जात तयार केली. आत मिट्ट काळोख, समोर बॅजर, मालक वर जमिनीवर. तिथे 'आता काय करू?' म्हणून विचारणार कोणाला? स्वतःच ठरवायचं. भुंकणंही असं, की जमिनीखालून वर ऐकू जावं. त्या भुंकण्याने आमच्या कुकरने दोनदा शिट्टी गिळली, असं बायकोचं म्हणणं आहे.

आईच्या तोंडी ब्रूनोचा पहिल्याच तासात वरुण झाला. "वरुणा, ये रे, दूध पी," अशी हाक गेली की ब्रूनो जागचा हलायचा नाही. दुसऱ्या मजल्यावरचा वरुण मात्र दोनदा वर येऊन गेला.

बिळाची हौस त्याने आईच्या गोधडीवर भागवली. दुसऱ्या दिवशी दुपारी आई जेवून आडवी व्हायला गेली, टेकली आणि ताडकन उठली. "अरे, गोधडी गुरगुरतेय!" गोधडीच्या एका टोकाला फक्त काळं, ओलं नाक दिसत होतं. मी म्हटलं, "ब्रूनो, बाहेर ये." नाक आत गेलं. आता आई चिडणार, असं मला वाटलं. ती पायथ्याशी अंग चोरून बसली आणि म्हणाली, "असू दे. हे अगदी असेच होते. हाक मारली की मान वर करायची आणि परत पेपरात घालायची." बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती गोधडी दुपारी कोणाला दिलेली मी पाहिली नव्हती.

चौथ्या दिवशी मित्र येऊन ब्रूनोला घेऊन गेला. जाताना ब्रूनोने मागे वळून बघितलं नाही. रात्री मतदान झालं. तीन विरुद्ध एक. माझा मुद्दा साधा होता: या घरात न ऐकणाऱ्यांच्या जागा भरलेल्या आहेत. आई ऐकत नाही, बायको ऐकत नाही, कन्या कानात काहीतरी घालून बसते. ऐकणारा मी एकटा. त्या एकट्यावर आणखी किती भार टाकणार? हे बोलत असताना बायकोने "अहो, गॅस बंद करा" म्हटलं आणि मी उठून बंद करून आलो. मुद्दा सिद्ध झाला, पण मतं तीन-एकच राहिली.

शेवटी ठरलं, की बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, लिफ्ट आली, की आणायचा. रिडेव्हलपमेंटची आमची पहिली मीटिंग होऊन नऊ वर्षं झाली. त्यात कोणाच्या पार्किंगवरून वाद झाला होता, तो अजून चालू आहे. मी शांतपणे होकार दिला.

काल संध्याकाळी आईने सवयीने वाटीत दूध ओतलं आणि दारातून हाक मारली, "वरुणा!"

दुसऱ्या मजल्यावरचा वरुण आला. पिऊन गेला.