झेंडा उतरेपर्यंत

अण्णांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, काळा चष्मा उतरला आणि माझ्या पोरीने जाहीर केलं की आजोबांना आता बार्बेक्यू दाखवायचं.

"म्हणजे काय असतंय?" अण्णांनी विचारलं.

"टेबलातच शेगडी असते. निखाऱ्यावर भाजलेलं खायचं. कितीही!"

"म्हणजे आगटी. त्याला जालना रोडला कशाला जायचं? पंधरा दिवस थांबा, गावाकडं हुरडा येतोय."

खरं सांगायचं तर मला त्यांचं पटलं होतं. जिंतूर तालुक्यातलं आमचं शेत, जमिनीत केलेला खड्डा, त्यात फुललेल्या गोवऱ्या, गरम राखेत खुपसलेली गुळभेंडी ज्वारीची कणसं. ती तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि तिळाच्या चटणीबरोबर बकाणा भरायचा. वर ताक. बिल नाही, जीएसटी नाही. पण सिडकोत राहणाऱ्या पोरीपुढे हे बोलायची माझी छाती नव्हती. रविवारचं टेबल बुक झालं. मेहुणा बातमी ऐकताच सकाळपासून उपाशी राहिला. पैसे वसूल करायची त्याची ही जुनी पद्धत आहे.

आम्ही सात जण. आई माळकरी, त्यामुळे पहिला पेच निखाऱ्यांचा. टेबलात दोन शेगड्या होत्या. एकीवर कोंबडी, दुसरीवर पनीर, असं वेटरने समजावलं. आईने दोन्हींच्या मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि मधोमध स्वतःची पर्स उभी केली. "धूर इकडं यायचा नाही," असं तिने मेहुण्याला बजावलं. जणू धूर त्याच्या ऐकण्यातला होता.

सळया आल्या. पनीर, मशरूम, मक्याचे तुकडे, अननससुद्धा. अननस भाजतात हे पाहून आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू घरात कोणीतरी आजारी असल्याशिवाय फळाला चटका देतच नाहीत. अण्णांचं लक्ष मात्र खाण्याकडे नव्हतंच. ते निखारे निरखत होते. "इस्तू मेलाय," म्हणाले आणि कोणी काही बोलायच्या आत खाली वाकून अशी जोरदार फुंकर मारली, की राखेचा थर उडून मेहुण्याच्या ताटात, सुनेच्या साडीवर आणि हिरव्या चटणीवर सारखा पसरला. निखारे मात्र लालबुंद झाले, हे मान्य करायला हवं. मग मेन्यूकार्डाने वारा घालत त्यांनी मक्याचा तुकडा चारी बाजूंनी फिरवत असा भाजला, की पलीकडच्या टेबलावरचं पोरगं खाणं सोडून बघत राहिलं.

वेटर धावत आला. "सर, प्लीज, हम कर देंगे."

"कुठला रे तू?"

"सर... सेलू."

"मग हिंदी कशाला फाडायलास? आपल्याच जिल्ह्यातला की!"

पोरगं एकदम मोकळं झालं. कापसाला भाव काय, यंदा पाणी किती, शाळा कुठली, सगळं बोलणं झालं. सुनेने दोनदा घसा खाकरला. पण त्यानंतर आमच्या टेबलावर सळया दुप्पट वेगाने यायला लागल्या.

आणि इथंच झेंड्याचा घोळ सुरू झाला.

टेबलाच्या कडेला वीतभर काठीवर हॉटेलचा छोटा झेंडा असतो. तो उभा आहे तोवर ते वाढत राहतात. पुरे झालं की आपण तो खाली करायचा. सोय उत्तम आहे. आमच्याकडच्या पंगतीत ताटावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून बुंदी पडते. तिथे असा झेंडा असता तर माझ्या पिढीची निम्मी पित्तं टळली असती.

पण अण्णा जिल्हा परिषदेचे निवृत्त मुख्याध्यापक. बाकीच्या महाराष्ट्राचं झेंडावंदन वर्षाला तीन वेळा, आमच्या मराठवाड्याचं चार. 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात आलं, म्हणून 17 सप्टेंबर आमचा जादाचा. वर्षाचे चार याप्रमाणे 31 वर्षांत अण्णांनी 124 झेंडे चढवले आणि तितकेच उतरवले. पोरीने पोटावर हात फिरवत काठीला हात घातला, तोच अण्णा कडाडले, "हात काढ! झेंडा असा उतरवत असतेत का?"

"अहो अण्णा, हॉटेलचा झेंडा आहे तो," मी.

"कोणाचा का असंना. शिस्त म्हणून काही आहे का नाही?"

पोरगा हुशारीने म्हणाला, "आजोबा, सूर्यास्ताला उतरवतात ना? आता साडेनऊ वाजलेत."

"2022 साली नियम बदलला. आता रात्रीबी ठेवता येतोय. पेपर वाचत जा."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. पनीर येत राहिलं. मेहुण्याने पट्टा दोन भोकं सैल केला. सुरुवातीला 'अजून आणा' म्हणणारा हाच माणूस आता वेटर दिसला की मोबाइलमध्ये डोकं घालत होता. उठून जेवणाच्या काउंटरकडे जायचं त्राण कोणातच उरलं नव्हतं. आईने एकदा 'भाकरी मिळती का' एवढं विचारून घेतलं.

एव्हाना आजूबाजूला दोन वाढदिवस झाले होते. दिवे मंद व्हायचे, सगळे वेटर टाळ्या वाजवत यायचे आणि अख्खं हॉटेल सामील व्हायचं.

शेवटी सेलूचं पोरगंच अण्णांजवळ येऊन अदबीने वाकलं. "गुरुजी, आता उतरवायचा का?"

ही विनंती रीतसर होती. अण्णांनी क्षणभर विचार केला, खुर्ची मागे सरकवली, टोपी नीट केली आणि सावधान उभे राहिले. लहानपणापासूनची सवय, त्यामुळे आम्हीही उठलो. मेहुणा उठला, आई पदर सावरत उठली.

एका म्हाताऱ्याभोवती सहा जणांचं कुटुंब उभं राहिलेलं पाहून शेजारच्या टेबलाने जो अर्थ काढायचा तो काढला. टाळ्या सुरू झाल्या. दिवे मंद झाले. गाणं सुरू झालं आणि आतून कोणीतरी मेणबत्ती लावलेला केक घेऊन आलं.

"माझा 1 जूनला असतोय," अण्णा सांगत होते. त्यांच्या हजेरीपटावर निम्म्या गावाचा 1 जूनलाच होता, तो भाग वेगळा. पण टाळ्यांत ऐकतंय कोण? सवयीप्रमाणे त्यांनी जोरदार फुंकर मारली. मेणबत्ती विझली आणि शेगडीतली उरलीसुरली राख केकवर बसली.

"ह्यात अंडं आहे का विचार बरं," आई म्हणाली.

या गडबडीत झेंडा उतरवायचा राहून गेला. दिवे लागले तेव्हा समोर एक नवीन वेटर उभा होता, हातात मशरूमच्या चार सळया घेऊन.