मागची चाके हवेत असताना : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरच्या घरी ऑइल बदलण्यासाठी गाडी कशी उचलावी, याविषयीच्या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. केवळ इंजिन ऑइलसाठी चारही चाके उचलणे हा अनावश्यक खटाटोप आहे. डिफरन्शियलखाली, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीखाली, जॅक लावल्यास त्या पेटीचे अ‍ॅल्युमिनियमचे घर फुटेल. आणि ‘हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली की पुरे’ हे माझे वाक्य धोकादायक आहे. यांपैकी तिसरा आक्षेप पूर्णपणे खरा असल्यामुळे उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

माझी गाडी 1999 ची माझदा मियाटा आहे. तिचे इंजिन पुढे असले तरी ताकद मागच्या चाकांना मिळते आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांवर चालतो. त्यामुळे मागची बाजू उचलली गेली की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निरुपयोगी ठरतात, आणि जमिनीवर राहिलेली पुढची चाके मोकळी फिरू शकतात. पुढची बाजू उचलण्यापुरते खरे असलेले वाक्य मी सरसकट लिहिले, ही माझी चूक. आजवर गाडी घरंगळली नाही याचे श्रेय आमच्या गॅरेजमधल्या सपाट काँक्रीटला आहे, माझ्या खबरदारीला नव्हे. मागची बाजू उचलण्यापूर्वी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून घट्ट पाचर लावावी, आणि उताराच्या ड्राइव्हवेवर हे काम करूच नये, अशी दुरुस्ती मूळ लेखात केली आहे.

याला जोडूनच एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तेव्हा लिहायला विसरलो. गाडीचे एक टोक वर जाते तेव्हा ते सरळ रेषेत न जाता किंचित कमानीत जाते, म्हणून ट्रॉली जॅकला आपल्या चाकांवर थोडे सरकता आले पाहिजे. खडीवर किंवा फरशीच्या सांध्यात त्याची चाके अडकली, तर जॅकची वाटी, म्हणजे गाडी जिच्यावर टेकते ती चकती, गाडीखालून निसटू लागते.

डिफरन्शियलविषयी मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. मियाटाच्या पहिल्या दोन पिढ्यांत पुढच्या क्रॉसमेंबरचा (इंजिनाखालच्या आडव्या तुळईचा) मध्य आणि मागे डिफरन्शियल, याच ट्रॉली जॅकसाठी ठरवून दिलेल्या जागा आहेत. जेमतेम एक टनाच्या या गाडीच्या मागच्या भागाचे वजन ते घर सहज पेलते; वाटीवर रबराचा तुकडा ठेवला म्हणजे झाले. खरे नुकसान दाराखालच्या वेल्ड केलेल्या कडेचे होते, कारण ट्रॉली जॅकच्या सपाट वाटीखाली ती कागदासारखी दुमडते. त्या कडेवरील दोन खाचांच्या मधली जागा गाडीसोबत मिळणाऱ्या जॅकसाठी आहे, आणि उचललेली गाडी टेकवायचा स्टँड ठेवायचा तोही तिथेच, पण खोबण असलेले रबर मध्ये घेऊन. मजल्याखालून लांबीने जाणाऱ्या पातळ पत्र्याच्या पन्हळींना किंवा ऑइल सम्पला (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याला) तर जॅकचा स्पर्शही होऊ देऊ नये.

आपण जाता जाता लिहिले आहे की पुण्यातील आपला मेकॅनिक विटांच्या थरावर गाडी ठेवतो आणि त्याचे कधी काही बिघडले नाही. वीट वाकत नाही, ती पूर्वसूचना न देता फुटते, आणि एका बिंदूवर भार आला की अधिकच लवकर. अर्थात, नावाजलेले साहित्यही डोळे मिटून वापरण्याजोगे नसते. 2020 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या विक्रेत्याला 3 आणि 6 टनी जॅक स्टँड परत मागवावे लागले, कारण त्यांचे दाते आणि खटका नीट अडकत नव्हते. नंतर बदली म्हणून दिलेल्या स्टँडांपैकी काहींतही वेल्डिंगचा दोष निघाला. म्हणून मी आडवी पिन घालायचे स्टँड वापरतो, गाडी टेकल्यावर तिला हाताने जोराने हलवून पाहतो आणि काढलेले चाक दाराच्या पट्टीखाली आडवे सरकवून ठेवतो. जॅकही त्याच्या ठरलेल्या जागी, किंचित टेकलेला राहू देतो. पण त्याचे काम उचलण्याचे, धरून ठेवण्याचे नव्हे, कारण आतले एक रबरी सील फाटले तरी तो बसतो.

राहिला चार चाकांचा प्रश्न. फक्त इंजिन ऑइल बदलायचे असेल, तर आपले म्हणणे मला मान्य आहे. या इंजिनाचा ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट सम्पच्या मागच्या बाजूला असल्याने पुढची बाजू उंच असली तर ऑइल उलट अधिक चांगले निथळते. चाके वर चढवायचे रॅम्पही चालतील, मात्र बंपर खाली असल्यामुळे आधी लाकडी फळ्या टाकाव्या लागतात. मी चारही चाके उचलतो ती गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या ऑइलसाठी, कारण तिथे पातळी मोजायला पट्टी नसते. बाजूच्या भोकातून ऑइल ओघळू लागेपर्यंत भरायचे असते आणि गाडी तिरकी असेल तर तो अंदाज चुकतो. ते काम काढलेच, तर भरायचा बोल्ट सुटतो आहे याची खात्री आधी करा आणि मगच खालचा उघडा. नाहीतर सुमारे दोन लिटर ऑइल परातीत आणि गंजलेला बोल्ट जागेवरच, अशा अवस्थेत गाडी स्टँडवर अडकून पडते.