एमन रायन यांनी ‘नुसते कर लावले’? दावे एकेक करून तपासू

आयर्लंडच्या ग्रीन, म्हणजे पर्यावरणवादी पक्षाचे माजी मंत्री एमन रायन यांच्याबद्दल एकच मजकूर थोड्याफार फरकाने फिरत असतो. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही तो आला, म्हणून हे उत्तर. त्याचं सार असं: पंचवीस वर्षं राजकारण केलं, कर लादले, खेड्यातल्यांच्या गाड्या काढून घ्यायला निघाले, पीट हे जळण बंद पाडलं, लोकांनी दोनदा पक्ष आडवा केला, काम मात्र शून्य.

आधी कराचं बघू. आयर्लंडमध्ये कार्बन कर, म्हणजे इंधन जाळून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनावरचा कर, 2010 मध्ये आला, तेव्हा रायन ऊर्जामंत्री होते, हे खरं. पण टनामागे 20 युरोंचा कर 26 वर नेला तो ऑक्टोबर 2019 च्या अर्थसंकल्पाने. तेव्हा ग्रीन विरोधात होते आणि पंतप्रधान होते लिओ वराडकर, म्हणजे ज्यांचं मूळ गाव मालवणजवळचं वराड म्हणून आपण कौतुकाने सांगतो ते. 2020 मध्ये ग्रीन ज्यात होते त्या तीन पक्षांच्या सरकारने 2030 पर्यंत 100 युरोंचा टप्पा कायद्यात घातला. पण वाढीव पैसा कुठे जाणार, हेही तेव्हाच ठरलं: घरं ऊबदार करण्याला, गरिबांच्या इंधनखर्चाला, शेतकऱ्यांना. 2022 पासून माळा आणि पोकळ भिंतींच्या इन्सुलेशनला सुमारे 80 टक्के अनुदान मिळू लागलं. कराचा आकडा सांगून अनुदानाबद्दल गप्प बसायचं, याला मी अर्धसत्यच म्हणेन.

गाड्या कुणी काढून घेतल्या? कुणीच नाही. तीनशे वस्तीच्या गावाला वाटून वापरायला तीस गाड्या पुरतील, अशा अर्थाचं रायन 2019 मध्ये बोलले. बोलणं अडाणीपणाचं होतं. लांबच्या वाडीवर राहणाऱ्याला राग येणारच. पण कारभार तपासा. परिवहनमंत्री म्हणून त्यांनी नव्या सार्वजनिक वाहतुकीला रस्त्यांच्या दुप्पट पैसा हे धोरण धरलं आणि चालणं-सायकलीसाठी वर्षाला 360 दशलक्ष युरो बाजूला काढले. खेड्यांत लोकल लिंक या ग्रामीण बससेवेच्या नव्या बसगाड्या सुरू झाल्या. 2022 मध्ये तिकिटं सरासरी 20 टक्क्यांनी उतरली. 1947 नंतर देशभर अशी कपात झालीच नव्हती. डब्लिनमध्ये लीप कार्ड टेकवलं की दोन युरोंत नव्वद मिनिटं बस, लुआस ट्राम, लोकल हवी तशी बदला. तरुणांना त्याच्याही निम्मं. रोज कामावर जाणाऱ्याला महिनाअखेरीस हा फरक खिशात दिसतो.

पीट, म्हणजे दलदलीची माती कापून, वाळवून केलेलं जळण. ऑक्टोबर 2022 च्या नियमांनी त्याची दुकानातली, ऑनलाइन आणि जाहिरात देऊन होणारी विक्री थांबवली. ज्यांचा कापण्याचा हक्क आहे, त्यांना स्वतःसाठी कापायला आजही मुभा आहे.

आता निवडणुका. 2011 मध्ये सहाच्या सहा जागा गेल्या. तो पराभव पर्यावरणाचा नव्हता; बँका बुडाल्या, सरकारने त्यांची हमी घेतली आणि 2010 च्या अखेरीस नाणेनिधीकडे हात पसरावा लागला, त्याचा होता. त्या मंत्रिमंडळात रायन होते, ती जबाबदारी त्यांची आहेच. पण पुढचं पोस्टमध्ये येत नाही. 1998 मध्ये डब्लिन महापालिकेत शिरलेला, सायकल सहलींचा धंदा करणारा हा माणूस खासदार नसलेल्या पक्षाचा नेता झाला, 2016 मध्ये स्वतःसकट दोन जागा आणल्या आणि 2020 मध्ये बारा. 2024 ला पुन्हा एकच उरली. ती निवडणूक त्यांनी लढवली नव्हती.

आणि ‘काम शून्य’? 2021 चा हवामान कायदा त्यांनी मांडला. 2018 च्या तुलनेत 2030 पर्यंत उत्सर्जन 51 टक्क्यांनी घटवायचं, पाच-पाच वर्षांची कार्बन मर्यादा पाळायची, असं बंधन त्यात आहे. आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने जुना सरकारी आराखडा मोघम म्हणून रद्द ठरवला होता. 2023 मध्ये देशाचं उत्सर्जन 6.8 टक्क्यांनी घटून तीन दशकांतल्या नीचांकावर आलं. 51 टक्क्यांचं लक्ष्य अजून फार दूर आहे, तिथे टीका जरूर करा. पण ती टीका ज्या मोजपट्टीने करता येते, ती याच कायद्याने हाती दिली आहे.