पाहुण्यांना नाशिक कसं दाखवावं

नाताळची सुट्टी लागली की डोंबिवलीच्या साडूभाऊंना नाशिकची आठवण येते. 24 तारखेच्या रात्री साडेअकराला ते सहकुटुंब दारात उभे राहतात, "काय थंडी आहे हो तुमच्याकडे!" म्हणत चपला काढतात आणि उशीला डोकं टेकण्याआधी फर्मान सोडतात, "उद्या एका दिवसात सगळं नाशिक दाखवून टाका." घाबरू नका. तुम्ही जन्मापासून नाशकात आहात आणि यातलं काहीच धड पाहिलेलं नाही, हीच तुमची पात्रता.

थंडीचं श्रेय मात्र लगेच घ्या. सकाळी पेपरातून निफाडचा पारा वाचून दाखवा. निफाड वेगळं गाव आहे हे सांगायची गरज नाही.

सातला निघायचं ठरवा, म्हणजे साडेनऊला निघाल. पहिला मुक्काम मिसळ. नाशिकमध्ये मिसळ खायला हल्ली हॉटेलात जात नाहीत, मळ्यात जातात. तिथे झोपाळा असतो, पोरांना बसायला उंट असतो आणि तुमच्या पुढे बेचाळीस नंबर असतात. काळ्या मसाल्याचा रस्सा समोर आला की "आमच्याकडे याहून तिखट असते" हे वाक्य साडूभाऊंना बोलू द्या. पाणी जवळ ठेवा.

मग पांडवलेणी. पायऱ्या चढताना ते धापा टाकत विचारतील, "पांडव खरंच इथे राहिले होते?" हो म्हणा. लेणी बौद्ध भिक्खूंची, दोन हजार वर्षांपूर्वीची, पांडवांचा त्यांच्याशी नावापलीकडे संबंध नाही, असला तपशील चढावर कुणालाच झेपत नाही. वर पोचल्यावर दहाव्या लेण्यापाशी थोडं सांभाळा. तिथल्या शिलालेखात नहपान राजाचा जावई उषवदात याने ठेवलेल्या ठेवीचा हिशेब कोरलेला आहे. 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवले, पैकी 2000 दरमहा शेकडा एकने आणि 1000 शेकडा पाऊणने. मुद्दल मोडायचं नाही, 2000च्या व्याजातून वीस भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, वर्षाला बारा-बारा द्यायचे. गणित करून बघा, पैचाही फरक येत नाही. साडूभाऊंनी सारी हयात बँकेत काढली, आणि ही दगडातली एफडीची पावती पाठीशी घेऊन ते सेल्फी काढत असतात. काढू द्या. शेजारच्याच लेखात या जावयाने तीन लाख गाई दान दिल्याचीही नोंद आहे. जावयाने काही दिलं, हा विषय बायकोच्या माहेरच्या माणसांसमोर न निघालेलाच बरा.

दुपारी वायनरी. पोरं द्राक्षं तोडायची म्हणून हटून बसतील. द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारीपासून, डिसेंबरात मणी हिरवे आणि कडक. कोल्ह्याची गोष्ट इथे प्रात्यक्षिकासह सांगता येते. आत प्याला गोल फिरवून हुंगायचा असतो, हे साडूभाऊंनी मोबाईलवर पाहिलेलं असतं. ते हुंगतील आणि "ओक" म्हणतील. मेव्हणीला ते वेगळंच ऐकू येईल. तुम्ही फोटो काढा. नाशिक दर्शनाचा हाच एक फोटो ग्रुपवर जाणार आहे. तुमच्या सासूबाईही त्याच ग्रुपवर आहेत, एवढं फक्त ध्यानात असू द्या.

परतताना पोरांना चर्च बघायचं असतं. सांताची टोपी सिग्नलवर घेऊन झालेली असते, आता चर्च हवंच. शरणपूर रोडला वळा. गाडी तिथे पाऊण तास जागची हलणार नाही, तेव्हा बोलायला विषय लागेल. शरणपूर हे नाव का पडलं, हे चुकूनही काढू नका. 19व्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या या वस्तीत गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं राहिली, शिकली. त्यांतलेच काही जण पुढे आफ्रिकेत प्रसिद्ध संशोधक-प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टनबरोबर होते. 1873 मध्ये तो तिथे वारला तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराईट होता, आणि लंडनला दफनाच्या वेळीही तो शवपेटीपाशी होता. हे सांगायला घेतलंत तर सिग्नल सुटेल. त्यापेक्षा "इथे फ्लॅटचा काय भाव चाललाय?" या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. पार्किंग मिळणार नाहीच. चर्च काचेतून दाखवा आणि पुढे व्हा.

आता गंगेवर. "गोदावरी ना?" असं कुणी विचारलं तर त्याच्याकडे दयेने बघा. काळारामाला दर्शनाची रांग अर्ध्या तासाची असेल आणि साडूभाऊ चिडतील, "एवढा वेळ कोण उभं राहणार?" 2 मार्च 1930 पासून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं याच दारांशी उभी राहिली होती. सत्याग्रह काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. हे तुम्हाला माहीत आहे, पण आज सुट्टी आहे. "व्हीआयपी पास मिळतो का बघतो," म्हणा आणि चिवडा घेऊन या.

शेवटी घाटावर, नारोशंकराच्या देवळापाशी, पोरं भोकाड पसरतील, कारण नाताळ असून चर्च बघायला मिळालं नाही. साडूभाऊंचा आवाज आधीच नारोशंकराच्या घंटेसारखा. ते ऐन त्या घंटेखाली उभे राहून तुम्हालाच ऐकवतील, "नाताळाला आलो आणि नाताळाचं एवढंसुद्धा काही दिसलं नाही तुमच्या गावात!" डोक्यावरची ती घंटा 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हाची, तिथल्या पोर्तुगिजांच्या चर्चमधून इथवर आलेली. त्यांना वर बघायला लावू नका. गाडी नो पार्किंगमध्ये आहे.