लंगोटीयार आणि हुकूम : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सिसिलीतल्या पालेर्मो शहराच्या माफियावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आपले आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की टोळीत वाढलेल्या मुलांच्या मैत्रीला मी भीतीचेच दुसरे रूप ठरवले; दिलेल्या शब्दाला तिथली माणसे जागतात तशी पांढरपेशा समाजातली जागत नाहीत; आणि तोमासो बुशेत्तासारख्या फितुराच्या साक्षीवर विसंबून त्या माणसांचा न्याय करणे गैर आहे. आपल्या बालमित्राविषयीही आपण लिहिले आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो लालबागमधल्या एका टोळीत गेला आणि आपले वडील रुग्णालयात असताना मध्यरात्री पैसे घेऊन दारात उभा राहिला. ज्याला असा मित्र लाभला नाही त्याने या विषयावर लिहू नये, असा आपला निष्कर्ष आहे.

आपल्या मित्राच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. संपाने अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या घरांची घडी विस्कटली, त्या घरांतली काही मुले भाईंच्या मागे गेली आणि त्यांतल्या अनेकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना जीव लावला, हे सगळे खरे आहे. पण त्या रात्री आपल्या दारात आलेला माणूस टोळीच्या सांगण्यावरून आला नव्हता. तो स्वतःच्या मनाने आला, आणि त्याचे श्रेय त्याचे एकट्याचे आहे. ते टोळीच्या नावावर जमा करू नये, एवढीच माझी विनंती आहे; कारण अशा बंदिस्त गुन्हेगारी समाजात मैत्री आणि निष्ठा या जुळ्या बहिणी नसतात. मैत्री दोन माणसांची असते आणि निष्ठा संघटनेची असते. दोघींत निवड करण्याची वेळ आली, की संघटना मैत्रीला बाजूला सारून थांबत नाही, ती मैत्रीचाच हत्यार म्हणून वापर करते. माझ्या लेखाचा मुद्दा हा होता, आणि तो मी सिसिलीतल्या ज्या माणसांवरून मांडला त्यांच्याबद्दल आता जरा विस्ताराने लिहितो.

बुशेत्तापासूनच सुरुवात करू. पालेर्मोच्या पोर्ता नुओवा भागातल्या गटात तो तरुणपणी दाखल झाला. पिप्पो कालो हा त्याचा जिवलग मित्र होता आणि कालोला कोसा नोस्त्रात, म्हणजे सिसिलीच्या माफिया संघटनेत, आणणारा बुशेत्ताच होता. पुढे कालो त्याच गटाचा प्रमुख झाला. १९८० च्या दशकाच्या आरंभी बुशेत्ता ब्राझीलला निघून गेला, तेव्हा पालेर्मोत राहिलेली आपली दोन मोठी मुले, बेनेदेत्तो आणि अंतोनियो, त्याने याच मित्राच्या हवाली केली. सप्टेंबर १९८२ मध्ये ती दोघे नाहीशी झाली आणि त्यांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बुशेत्ताचा भाऊ, पुतण्या आणि जावई मारले गेले. बऱ्याच वर्षांनी त्याच पोर्ता नुओवा गटातल्या साल्वातोरे कान्चेमीने कबुली दिली, की बुशेत्ताच्या मुलांचे गळे आवळणाऱ्यांत आपण होतो. कान्चेमीने हे बुशेत्ताला समोरासमोर सांगितले, आणि बुशेत्ताने त्याला जवळ घेऊन क्षमा केली, कारण आलेला हुकूम नाकारण्याची सोय तिथे नसते हे तो स्वतः जाणून होता. केसाने गळा कापणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते? आणि ज्याने गळा कापला तो टोळीच्या हिशेबात निष्ठावंत ठरतो, हे आपण कृपया ध्यानात घ्यावे.

या बाबतीत कोसा नोस्त्राचा एक नियम मला फार बोलका वाटतो. दोन बालमित्र वेगवेगळ्या गटांत दीक्षित झाले असतील, तर आपण सभासद आहोत हे एकाने दुसऱ्याला सांगायचे नसते. दोघांनाही सभासद म्हणून ओळखणारा एखादा तिसरा माणूस त्यांची ओळख करून देईपर्यंत दोघांनीही अनभिज्ञ असल्यासारखे वागायचे. ज्याच्यासोबत एकाच अंगणात गुडघे फोडून घेतले, त्याच्यापाशी आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट बोलायला तिसऱ्याची परवानगी लागते. नोव्हेंबर २००७ मध्ये साल्वातोरे लो पिकोलो पकडला गेला तेव्हा त्याच्याजवळ टंकलेल्या दहा नियमांचा एक कागद सापडला. पत्नी बाळंत होत असली तरी बोलावणे आल्यावर हजर राहिले पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

बुशेत्ता हा अपवाद होता, असे आपण म्हणाल. पण मित्राकरवी मित्र मारणे ही तिथली रीतच आहे. सावध माणसाजवळ परका पोहोचू शकत नाही, मित्र पोहोचतो. कोर्लेओने गावच्या गटाचा म्होरक्या तोतो रीना याचा सर्वांत भयंकर मारेकरी पिनो ग्रेको १९८५ मध्ये स्वतःच्या घरी मारला गेला, तो व्हिन्चेन्सो पुच्चो आणि ज्युसेप्पे लुक्केसे या आपल्याच साथीदारांच्या हातून. पुढे १९८९ मध्ये पुच्चोचा तुरुंगातल्या कोठडीत बीडाच्या जड तव्याने खून झाला, तोही कोठडीतल्या सोबत्यांकडून. भांडणाच्या भरात हे घडले असा बचाव त्या मारेकऱ्यांनी योजला होता. पण त्याच दिवशी शहरात पुच्चोच्या भावालाही मारण्यात आले आणि तो बचाव उघडा पडला. त्यांना या दुसऱ्या बेताची कल्पनाही दिलेली नव्हती. निष्ठेची ही परतफेड मिळालेला त्या मारेकऱ्यांपैकी ज्युसेप्पे मार्केसे पुढे साक्षीदार झाला.

आता फितुरीविषयी. बुशेत्ता सज्जन होता असे मी कुठेही लिहिलेले नाही. आयुष्याचा मोठा काळ त्याने गुन्हेगारीत काढला होता, आणि १९८४ मध्ये ब्राझीलहून आणल्यावर न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यापुढे तो बोलला तो काही पश्चात्तापाने शुद्ध होऊन नव्हे. त्याचा दावा तर असा होता, की फितुरी मी केली नाही, कोर्लेओनेच्या लोकांनी केली. जुना माफिया इभ्रतीचा होता आणि यांनी तो नासवला. आपल्या प्रतिक्रियेतला विचार याच्या फार जवळचा आहे, आणि इथे मी आपणा दोघांशीही सहमत नाही. कोर्लेओनेवाल्यांचे राज्य येण्याच्या कितीतरी आधी, १९६३ च्या एप्रिलमध्ये, चिनिसी गावचा म्होरक्या चेझारे मान्झेल्ला स्फोटके भरलेल्या मोटारीने उडवला गेला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये च्याकुल्लीत तशाच मोटारीने सात पोलीस व सैनिक मारले. इभ्रतीचा तो सुवर्णकाळ मला तरी कुठे सापडत नाही. बुशेत्ताच्या साक्षीचे मोल त्याच्या चारित्र्यात नाही. ती साक्ष ताडून पाहिली गेली यात आहे. फेब्रुवारी १९८६ ते डिसेंबर १९८७ या काळात उचार्दोने तुरुंगालगत बांधलेल्या तटबंद न्यायालयात माफियावर जो महाखटला चालला, त्यातल्या शेकडो शिक्षा जानेवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्या. याच खटल्यात बुशेत्ता आणि कालो यांना समोरासमोर बसवले होते. कालोने बुशेत्ताच्या घरगुती आयुष्यावर चिखलफेक केली. त्या वेळी मुलांचे काय झाले हे बापाला पुरते ठाऊक नव्हते, हे लक्षात ठेवून ती नोंद वाचावी लागते, आणि मला ती सलग वाचवत नाही.

आपण असेही लिहिले आहे, की त्या गल्लीत जन्मलेल्या मुलाला दुसरी वाट नसते. फाल्कोने आणि त्यांचे सहकारी न्यायाधीश पाओलो बोर्सेलिनो दोघेही पालेर्मोच्या काल्सा भागात वाढले आणि माज्योने चौकात त्याच मुलांबरोबर चेंडू खेळले. तोमासो स्पादारो हा फाल्कोनेंचा टेबल टेनिसमधला प्रतिस्पर्धी पुढे सिगारेटच्या तस्करीतला बडा माणूस झाला आणि न्यायाधीश झालेल्या फाल्कोनेंपुढे आरोपी म्हणून आला. फाल्कोने आणि बोर्सेलिनो यांची घरे शिकलेली होती, असा आपला प्रतिवाद असेल, आणि तो मी मान्य करतो. म्हणून ज्याच्या घरातच माफिया होता अशा मुलाविषयी लिहितो.

तो मुलगा म्हणजे पेप्पिनो इम्पास्तातो. मोटारीसह उडवला गेलेला मान्झेल्ला त्याच्या आत्याचा नवरा होता, आणि त्या वेळी पेप्पिनो १५ वर्षांचा होता. त्याचे वडील लुइजी माफियाचे माणूस होते, आणि मान्झेल्लाची जागा घेणाऱ्या गाएतानो बादालामेंतीचे घर त्यांच्याच रस्त्यावर शंभर पावलांवर होते. हा मुलगा वयाच्या विशीपूर्वीच माफियाविरुद्ध लिहू लागला, वडिलांनी त्याला घराबाहेर काढले, आणि १९७७ मध्ये त्याने मित्रांसह ‘रेडिओ आउट’ नावाचे छोटे केंद्र सुरू केले. त्यावरून तो बादालामेंतीची उघड टवाळी करी. ज्या गावात ते नाव दबक्या आवाजात घेतले जाई, तिथे ते ध्वनिक्षेपकातून हास्याच्या गडगडाटात ऐकू येऊ लागले. लुइजींची तेव्हाची ओढाताण मला विसरता येत नाही. ते अमेरिकेतल्या नातलगांकडे जाऊन आले, आणि पेप्पिनोला मारायचे तर आधी मला मारावे लागेल असे तिथे बोलले, असे त्यांच्या पत्नी फेलीचिया सांगत. त्याच वर्षी मोटारीखाली सापडून ते गेले.

८ मे १९७८ च्या रात्री पेप्पिनोला मारून त्याचा देह स्फोटकांसह रेल्वेच्या रुळांवर ठेवण्यात आला. तपास करणाऱ्यांनी ठरवून टाकले, की घातपात करताना तो स्वतःच उडाला असावा. अधिकारी निघून गेल्यावर त्याच्या मित्रांनी रुळांच्या दोन्ही अंगांना शेतांतून फिरून त्याच्या देहाचे उरलेसुरले तुकडे पिशव्यांत गोळा केले. जवळच्या एका पडक्या खोलीत त्यांना रक्ताने माखलेले दगड सापडले. म्हणजे त्याला तिथे आधी मारहाण झाली होती आणि स्फोट नंतर घडवला होता. ते दगड त्यांनी न्यायवैद्यकाच्या प्राध्यापकांपर्यंत पोहोचवले. ही विशी-पंचविशीतली मुले त्याच गावची होती, त्यांचे आईबाप तिथेच राहत होते आणि बादालामेंती मोकळा होता. काही दिवसांनी झालेल्या निवडणुकीत चिनिसीच्या मतदारांनी मेलेल्या पेप्पिनोला नगरपरिषदेवर निवडून दिले. फेलीचियांनी सूड घेण्याचा सासरच्यांचा आग्रह धुडकावला, न्यायालयात जाण्याचा मार्ग धरला आणि स्वतःच्या घराचे दार येईल त्याला उघडे ठेवले. बादालामेंतीला जन्मठेप झाली ती एप्रिल २००२ मध्ये, खुनानंतर जवळजवळ २४ वर्षांनी.

मैत्रीखातर जिवाची बाजी लावणारी माणसे बंदिस्त गुन्हेगारी समाजात असतात, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. ती चिनिसीत होती. पण ती टोळीच्या आत नव्हती, आणि त्यांना टोळीने घडवले नव्हते. मित्राला मारण्याचा हुकूम पाळणारा निष्ठावंत आणि मित्राच्या मृत्यूची खरी गोष्ट सांगत दोन तपे झगडणारा निष्ठावंत, या दोघांना एकाच मापाने मोजायला माझे मन धजत नाही.

‘कोसा नोस्त्रात सर्वांत धोकादायक माणूस म्हणजे मित्र’ हे वाक्य लेखातून काढावे, अशी आपली सूचना आहे. वर दिलेल्या कारणांमुळे ते वाक्य मी तसेच ठेवत आहे. चिनिसीच्या मित्रांना मात्र त्या लेखात फार जागा देता आली नव्हती, म्हणून पुढचा लेख त्यांच्यावरच लिहायला घेतला आहे. ९ मे १९७९ रोजी त्यांनी भरवलेला माफियाविरोधी राष्ट्रीय मोर्चा, पालेर्मोतल्या ज्या अभ्यासकेंद्राला १९८० मध्ये पेप्पिनोचे नाव दिले गेले त्याने जमवलेले कागद, आणि तपास भरकटवण्यात सरकारी माणसांचा हात होता हे २००० साली संसदीय समितीने नोंदवणे, एवढे सगळे त्यात येईल. त्यावरही आपण असेच सविस्तर लिहावे.